आयएसटीक्यूबी फाउंडेशनची तयारी: क्लास नंतर, सिलॅबस आधी

पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावलेल्या मुलामुलींचा ठरलेला प्रश्न असतो: "सर्टिफिकेशन करू का?" बहुतेक वेळा हे सर्टिफिकेशन म्हणजे आयएसटीक्यूबीची (इंटरनॅशनल सॉफ्टवेअर टेस्टिंग क्वालिफिकेशन्स बोर्ड) पहिल्या पायरीची परीक्षा, फाउंडेशन लेव्हल, म्हणजेच सीटीएफएल. आयएसटीक्यूबी ही २००२ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे आणि भारतात तिचं काम इंडियन टेस्टिंग बोर्ड पाहतं. परीक्षेला पात्रतेची अट नाही. बी.ई. लागत नाही, अनुभव लागत नाही, क्लासचं प्रमाणपत्रही लागत नाही. घरी बसून अभ्यास करून थेट परीक्षा देता येते. "आमच्याकडून कोर्स केल्याशिवाय बसता येत नाही" असं कुणी सांगितलं तर तो ॲडमिशन विकतोय, एवढं समजून घ्या.

करावं का, याचं माझं उत्तर सांगतो. तुम्ही फ्रेशर असाल किंवा सपोर्ट, बीपीओ, शिक्षकी अशा दुसऱ्या क्षेत्रातून टेस्टिंगमध्ये येत असाल, तर करा. रेझ्युमे चाळणाऱ्याला तुम्ही या कामाकडे गांभीर्याने पाहताय हे कळतं, आणि तुम्हाला टीममध्ये बोलली जाणारी भाषा येते. चार-पाच वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाला याचा फायदा कमी होतो. क्लायंटने मागितलं तरच त्याने करावं. आणि एकट्या या कागदावर नोकरी मिळेल असं समजू नका. कंपनी तुमच्याकडून टेस्ट केस (काय टाकायचं आणि काय निकाल यायला हवा याची नोंद) लिहून घेणार, थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) विचारणार.

परीक्षेचा साचा आधी पाहा

४० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, पास व्हायला २६, म्हणजे ६५ टक्के. वेळ ६० मिनिटं. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर २५ टक्के जादा वेळ देण्याची नियमात तरतूद आहे, म्हणजे ७५ मिनिटं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं आणि नोंदणी करतानाच आपल्या स्लॉटला किती वेळ दाखवलाय ते पाहून घ्यावं. परीक्षा सुरू झाल्यावर तो वेळ कुणी वाढवून देत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

सध्याचा सिलॅबस आवृत्ती ४.० चा आहे. तो २०२३ मध्ये आला आणि नंतर त्यात किरकोळ दुरुस्त्या होऊन ४.०.१ निघाला. सत्तरच्या आसपास पानांची ही पीडीएफ आयएसटीक्यूबीच्या साइटवर फुकट मिळते. त्यात सहा प्रकरणं आहेत आणि कुठल्या प्रकरणावर किती प्रश्न येणार तेही आधीच ठरलेलं आहे: पहिल्यावर ८, दुसऱ्यावर ६, तिसऱ्यावर ४, चौथ्यावर ११, पाचव्यावर ९, सहाव्यावर २. चौथं (टेस्ट तयार करण्याची तंत्रं) आणि पाचवं (टेस्टिंगचं व्यवस्थापन) मिळून निम्मा पेपर झाला. तरीही लोक पहिलं प्रकरण चार वेळा वाचतात, कारण ते सोपं वाटतं, आणि पाचव्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा दम संपलेला असतो.

सिलॅबस कसा वाचायचा

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला लर्निंग ऑब्जेक्टिव्हची, म्हणजे त्या प्रकरणातून काय यायला हवं याची, यादी असते आणि प्रत्येकापुढे के१, के२ किंवा के३ लिहिलेलं असतं. ही यादी ओलांडून बरेच जण थेट मजकुरावर जातात. खरं तर सगळा पेपर याच यादीतून निघतो. के१ म्हणजे आठवायचं: व्याख्या ओळखता आली की झालं. के२ म्हणजे समजून फरक सांगायचा, उदाहरण कुठल्या प्रकारात बसतं ते ओळखायचं. के३ म्हणजे करून दाखवायचं: आकडे देतात, तक्ता देतात, उत्तर काढावं लागतं. पेपरमध्ये के१ चे ८, के२ चे २४ आणि के३ चे ८ प्रश्न असतात.

याचा अर्थ नीट पाहा. २४ प्रश्न के२ चे आहेत, म्हणजे नुसत्या पाठांतरावर पास होणं अवघड आहे. आणि के३ ची ऑब्जेक्टिव्ह मोजून आठच आहेत: इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग, बाउंड्री व्हॅल्यू, डिसिजन टेबल, स्टेट ट्रान्झिशन, एटीडीडी (आधी स्वीकृतीच्या टेस्ट लिहून मग कोड लिहिण्याची पद्धत), एस्टिमेशन, टेस्ट केसचा प्राधान्यक्रम आणि डिफेक्ट रिपोर्ट. हे आठ गुण सरावाने हमखास मिळतात. काय विचारणार हे आधी माहीत असलेली गणितं आपल्या बोर्डाच्या परीक्षेतही इतकी कमी नसतात.

माझी पद्धत अशी. वहीत ऑब्जेक्टिव्ह एकेका ओळीवर उतरवा, शेजारी के-पातळी लिहा. भाग वाचा, पीडीएफ मिटवा आणि ऑब्जेक्टिव्हचं उत्तर मराठीतून मोठ्याने सांगा. के२ असेल तर उदाहरण आपलं द्यायचं, पुस्तकातलं नाही. मराठीतून सांगता आलं की समजलं असं धरा, मग इंग्रजी संज्ञा पक्क्या करा. संज्ञांसाठी आयएसटीक्यूबीची ग्लॉसरी आहे, तीही फुकट. व्याख्या तिच्यातूनच घ्या, कारण तुमच्या ऑफिसात "रिग्रेशन" शब्द कसाही वापरत असतील, पेपरमध्ये ग्लॉसरीचाच अर्थ चालतो. अनुभवी माणसं या परीक्षेत अडखळतात ती इथेच.

जुन्या नोट्स ओळखायची एक खूण सांगतो. टेस्टिंगच्या सात तत्त्वांत "पेस्टिसाइड पॅरडॉक्स" दिसलं, व्हाइट-बॉक्समध्ये (कोडच्या आतल्या रचनेवरून केलेलं टेस्टिंग) "डिसिजन कव्हरेज" दिसलं किंवा "यूज केस टेस्टिंग" हे तंत्र दिसलं, तर त्या नोट्स २०१८ च्या सिलॅबसच्या आहेत. आता तत्त्वाचं नाव "टेस्ट्स वेअर आउट" आहे, डिसिजनच्या जागी ब्रँच कव्हरेज आलंय आणि यूज केस फाउंडेशनमधून गेलंय. टेलिग्रामवर फिरणारे बरेचसे "डम्प्स" (परीक्षेत आलेले म्हणून वाटले जाणारे प्रश्नसंच) या जुन्या मालातूनच आलेले असतात. त्यांच्यात उत्तरंही चुकीची असतात, आणि चुकीचं उत्तर पाठ झालं की ते पुसायला दुप्पट कष्ट पडतात.

चौथं प्रकरण वहीवर सोडवा

इथे घाई करू नका. व्हिडिओ पाहून हे येत नाही, पेन्सिल लागते.

एसटीच्या सवलतीचं उदाहरण घेऊ. नियम थोडा सोपा करून असा समजा: वय पूर्ण वर्षांत टाकायचं, ६५ च्या आत पूर्ण तिकीट, ६५ ते ७४ अर्धं, ७५ आणि पुढे मोफत. लहान मुलं तूर्त बाजूला. कमाल वयाची मर्यादा दिलेली नाही. ऋण संख्या अवैध.

इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंगमध्ये वयाचे गट पाडायचे: ० ते ६४, ६५ ते ७४, ७५ आणि पुढचे, आणि शून्याखालचा अवैध गट. चार गट, प्रत्येकातून एक मूल्य, म्हणजे किमान चार टेस्ट केस. ३०, ७०, ८० आणि उणे ५ चालेल. अवैध गट विसरणं ही इथली सर्रास चूक आहे. पर्यायांत "३" मुद्दाम दिलेलं असतं.

बाउंड्री व्हॅल्यूमध्ये गटांच्या कडा तपासायच्या. सिलॅबसमध्ये याचे दोन प्रकार आहेत. टू-व्हॅल्यूमध्ये प्रत्येक कडेचं मूल्य आणि शेजारच्या गटातलं सर्वांत जवळचं मूल्य घेतात: उणे १, ०, ६४, ६५, ७४, ७५. सहा मूल्यं. थ्री-व्हॅल्यूमध्ये कडेच्या दोन्ही बाजूंचे शेजारी घेतात, म्हणून उणे २, १, ६३, ६६, ७३ आणि ७६ ही वाढतात. एकूण बारा.

थ्री-व्हॅल्यू कशाला, असं वाटेल. प्रोग्रामरने "वय ७५ किंवा जास्त" ऐवजी चुकून "वय बरोबर ७५" लिहिलं असं समजा. ७४ टाकलं, अर्धं तिकीट आलं, बरोबर. ७५ टाकलं, मोफत आलं, बरोबर. टू-व्हॅल्यूच्या सहाही टेस्ट पास होतात आणि ७६ वर्षांच्या आजींना पैसे भरावे लागतात. थ्री-व्हॅल्यूतला ७६ हा दोष पकडतो. के३ प्रश्नात नेमका कुठला प्रकार विचारलाय हे वाचूनच पेन्सिल उचला.

आता डिसिजन टेबल. एसटीत महिलांनाही निम्म्या तिकिटाची सवलत आहे. तीन अटी घ्या: महिला आहे का, वय ६५ ते ७४ आहे का, वय ७५ किंवा जास्त आहे का. तीन हो-नाही अटींचे आठ स्तंभ होतात. पण एकच प्रवासी ६५ ते ७४ मध्येही आणि ७५ च्या पुढेही असू शकत नाही, म्हणून असे दोन स्तंभ अशक्य ठरतात. उरले सहा. कव्हरेज (किती स्तंभ तपासून झाले त्याचं प्रमाण) मोजताना छेदात हे सहा येतात, आठ नाही. पुढे एकसारखा निकाल देणारे स्तंभ एकत्र करून अप्रस्तुत अटीच्या जागी रेघ मारता येते. ७५ च्या पुढे मोफतच आहे, मग महिला असो वा पुरुष, एक स्तंभ. ६५ ते ७४ अर्धं, तोही एक. उरलेल्यांत महिला अर्धं, बाकीचे पूर्ण. चार स्तंभांत टेबल बसलं. यात एक गोष्ट मी गृहीत धरली: ७० वर्षांच्या महिलेला एकच सवलत मिळते, दोन्ही मिळून पाव तिकीट होत नाही. नियमात हे लिहिलेलं नसेल तर टेबल भरतानाच प्रश्न पडतो, आणि डिसिजन टेबलचा खरा उपयोग तोच आहे. गाळलेल्या किंवा परस्परविरोधी अटी कोड लिहिण्याआधी उघड्या पडतात.

स्टेट ट्रान्झिशनसाठी रजेचा अर्ज पुरे. मसुदा, सादर, मंजूर, नामंजूर अशा चार अवस्था. मसुदा सादर होतो, सादर झालेला मंजूर किंवा नामंजूर होतो, नामंजूर झालेला दुरुस्तीसाठी पुन्हा मसुद्यात येतो. चार वैध ट्रान्झिशन झाली. ती सगळी कमीत कमी किती टेस्ट केसमध्ये बसतील? एकातच: मसुदा, सादर, नामंजूर, पुन्हा मसुदा, सादर, मंजूर. "किमान किती" विचारलं की अशी लांब वाट शोधायची. "ऑल ट्रान्झिशन्स" कव्हरेज म्हटलं की अवैध ट्रान्झिशनही आली, उदाहरणार्थ मंजूर झालेला अर्ज पुन्हा सादर करून पाहणं. अवैध ट्रान्झिशन एका टेस्टमध्ये एकच घ्यायचं, नाहीतर एक दोष दुसऱ्याला झाकून टाकतो.

व्हाइट-बॉक्समधलं एक वाक्य पक्कं करा: १०० टक्के ब्रँच कव्हरेज (कोडमधला प्रत्येक फाटा चालून होणं) झालं की १०० टक्के स्टेटमेंट कव्हरेज (प्रत्येक विधान चालून होणं) होतंच, उलट मात्र खरं नाही.

पाचव्यातलं गणित आणि बाकी प्रकरणं

थ्री-पॉइंट एस्टिमेशनचं सूत्र: आशावादी अंदाज, अधिक चार गुणिले सर्वाधिक संभाव्य, अधिक निराशावादी, भागिले सहा. ४, ७ आणि १६ दिवस दिले तर ४ अधिक २८ अधिक १६ म्हणजे ४८, भागिले ६, उत्तर ८ दिवस. प्रमाण विचलन म्हणजे निराशावादी वजा आशावादी भागिले ६, इथे २. म्हणून अंदाज ६ ते १० दिवस. हे येणारच असं धरून चला.

प्राधान्यक्रमाच्या प्रश्नात मेख अवलंबनात असते. सर्वांत महत्त्वाची टेस्ट केस कमी महत्त्वाच्या एखादीवर अवलंबून असेल, तर ती कमी महत्त्वाची आधी चालवावी लागते. डिफेक्ट रिपोर्टमध्ये नमुना देतात आणि त्यात काय राहिलंय ते विचारतात. अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल, पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, एन्व्हायर्नमेंट (कुठल्या मशीनवर, कुठल्या ब्राउझरमध्ये), सिव्हिरिटी (दोषाचा परिणाम किती गंभीर), प्रायॉरिटी (तो किती लवकर दुरुस्त करायचा) ही यादी डोक्यात ठेवून एकेक खूण करत जा. पाचव्या प्रकरणात रिस्कही आहे: रिस्कची पातळी शक्यता आणि परिणाम या दोन्हींवर ठरते, आणि प्रोजेक्ट रिस्क व प्रॉडक्ट रिस्क यांच्यात गल्लत करायची नाही. टेस्टर आजारी पडणं हा प्रोजेक्ट रिस्क, ॲप हळू चालणं हा प्रॉडक्ट रिस्क.

पहिल्या प्रकरणातली साखळी आयुष्यभर उपयोगी पडते: माणूस चूक करतो, तिच्यातून कोडमध्ये किंवा कागदात दोष शिरतो, आणि तो दोष चालवला गेला तर बिघाड दिसू शकतो. इंग्रजीत एरर, डिफेक्ट, फेल्युअर. तिसऱ्यातल्या स्टॅटिक टेस्टिंगचा (कोड न चालवता वाचून तपासणं) मुद्दा इथेच जोडा: त्यात दोष थेट सापडतो, डायनॅमिकमध्ये (कोड चालवून) आधी बिघाड दिसतो आणि मग दोष शोधावा लागतो. रिव्ह्यूचे चार प्रकार, त्यांत इन्स्पेक्शन सर्वांत औपचारिक. तिथे लेखक स्वतः रिव्ह्यू लीडर किंवा स्क्राइब (नोंदी घेणारा) होऊ शकत नाही, आणि वॉकथ्रू मात्र लेखकच चालवतो. दुसऱ्यात पाच टेस्ट लेव्हल, कन्फर्मेशन टेस्टिंग (दोष दुरुस्त झाला का ते पाहणं) आणि रिग्रेशन टेस्टिंग (बदलामुळे आधीचं काही बिघडलं नाही ना ते पाहणं) यांतला फरक, शिफ्ट-लेफ्ट (टेस्टिंग लवकरात लवकर सुरू करणं). सहावं प्रकरण सिलॅबसने २० मिनिटांचं धरलंय, एका बैठकीत उरकतं.

किती दिवस लागतील

शिकवायला किमान ११३५ मिनिटं, म्हणजे जवळपास १९ तास लागतील असं सिलॅबसच सांगतो. त्यात चौथ्याला ३९० आणि पाचव्याला ३३५ मिनिटं आहेत. स्वतः अभ्यास करताना याच्या दुप्पट धरा. नोकरी सांभाळून रोज तासभर दिला तर पाच-सहा आठवडे. शेवटचा दीड आठवडा फक्त सराव प्रश्नपत्रिकांना ठेवा.

आयएसटीक्यूबीच्या साइटवर अधिकृत नमुना प्रश्नपत्रिका आणि उत्तरांच्या वेगळ्या पीडीएफ आहेत. त्यातल्या उत्तरपत्रिका प्रश्नांइतक्याच मोलाच्या आहेत, कारण प्रत्येक पर्याय का बरोबर किंवा का चूक ते दिलेलं असतं आणि शेजारी ऑब्जेक्टिव्हचा क्रमांक असतो. घड्याळ लावून सोडवा, मग चुकलेल्या प्रश्नांचे क्रमांक वहीतल्या यादीत लाल करा. लाल झालेलं तेवढंच पुन्हा वाचायचं. एक प्रश्नपत्रिका अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी न उघडता राखून ठेवा. तिच्यात ३२ च्या वर गेलात तर तारीख पुढे ढकलायचं कारण नाही. २६-२७ वर घुटमळत असाल तर आठवडाभर थांबलेलं बरं, कारण पुन्हा बसायचं तर फीही पुन्हा भरावी लागते.

नोंदणी आणि परीक्षेचा दिवस

परीक्षा केंद्रावर देता येते किंवा घरून, कॅमेऱ्यासमोर. तालुक्याच्या गावी राहत असाल आणि विजेचा भरवसा नसेल तर जवळच्या शहरातलं केंद्र घ्या, प्रवासाचा त्रास झाला तरी. घरून द्यायची तर टेबल रिकामं हवं, खोलीत दुसरं कुणी नको, आणि ऑफिसचा लॅपटॉप शक्यतो नको, त्यातली सुरक्षा सॉफ्टवेअर्स परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात. सिस्टम चेक आदल्या दिवशी, त्याच जागी, त्याच नेटवर करून घ्या.

नावाचं मात्र जपा. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, लग्नानंतर बदललेलं नाव बँकेत एक आणि पॅनवर दुसरं असा घोळ असतो. जे ओळखपत्र दाखवणार आहात त्यावरचंच नाव नोंदणीत टाका, जसंच्या तसं. प्रमाणपत्रावरही तेच छापलं जातं.

पेपरमध्ये प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा. "नॉट", "बेस्ट", "मोस्ट लाइकली" हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, तरी गोष्टीसारखा लांब परिच्छेद वाचून खाली येईपर्यंत ते नजरेतून निसटतात. काही प्रश्नांत पाच पर्याय असतात आणि दोन निवडायचे असतात. तिथे एकच निवडून पुढे गेलात तर तो गुण गेला. ६० मिनिटं असतील तर एका प्रश्नाला दीड मिनिट पडतं. के१ चे प्रश्न अर्ध्या मिनिटात होतात, वाचलेला वेळ डिसिजन टेबल आणि स्टेट ट्रान्झिशनला द्या. अडलं की काहीतरी उत्तर निवडा, खूण करा आणि पुढे चला.

पास झाल्यावर प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागत नाही, फाउंडेशन कायमस्वरूपी आहे. रेझ्युमेवर आवृत्तीसकट लिहा. मुलाखतीला जाण्याआधी रोज वापरता अशा एखाद्या ॲपचे, तिकीट बुकिंगचं असो वा वीजबिलाचं, दहा-पंधरा टेस्ट केस आणि दोन-तीन डिफेक्ट रिपोर्ट नीट लिहून ठेवा. सर्टिफिकेशन दिसलं की समोरचा हटकून सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीतला फरक विचारतो, आणि व्याख्येवर त्याचं समाधान होत नाही. त्याला उदाहरण हवं असतं: मुखपृष्ठावर कंपनीच्याच नावाचं स्पेलिंग चुकलंय, सिव्हिरिटी कमी, पण प्रायॉरिटी वरची.